कमरुनागाचे सरोवर

हिमालयातील देवस्थाने म्हटली की बदरी-केदार ही नावे वाचकांच्या ओठी प्रथम येतात. परंतु मोठा यात्रामार्ग सोडून एखाद्या आडवाटेच्या शिखरावर चढले असता पहाडी लोकांचा धर्म अधिक जवळून पाहावयास मिळतो. हिमाचल प्रदेशाच्या मंडी जिल्ह्यातील कमरुनाग हे असेच एक स्थान होय.

सुंदरनगराहून करसोगकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोहांडा नावाचे गाव आहे. तेथून सुमारे ६ किलोमीटरांची उभी चढण देवदारांच्या अरण्यातून जाते. आमच्यासारख्या साठी उलटलेल्यांनी सकाळीच निघावे आणि घाई करू नये. माथ्यावर, ९ हजार फुटांहून अधिक उंचीवर, एक लहानसे सरोवर असून त्याच्या काठी लाकडी देऊळ आहे.

स्थानिक कथा अशी : रत्नयक्ष नावाचा महापराक्रमी वीर, जो पक्ष हरेल त्याच्या बाजूने लढण्याची प्रतिज्ञा करून भारतीय युद्धास निघाला. त्यामुळे युद्धाचा शेवटच होणार नाही हे जाणून श्रीकृष्णाने त्याचे शिर मागितले. त्याने ते दिले. युद्ध पाहण्याची इच्छा मात्र बोलून दाखविली, म्हणून ते शिर उंचावर ठेवण्यात आले. पुढे पांडवांनी त्यास देव मानून येथे स्थापिले, व भीमाने त्याच्यासाठी सरोवर निर्माण केले. बर्बरीकाची कथा ती हीच, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. व्यासांच्या मूळ भारतात ती आढळत नाही. स्कंदपुराणाच्या कौमारिकाखंडात आहे. राजस्थानात खाटू येथे श्याम म्हणून पुजिला जाणारा तो हाच. पहाडात मात्र तो पर्जन्याचा देव झाला.

आषाढाच्या पहिल्या दिवशी येथे सरानाहुलीचा मेळा भरतो. हा आषाढ आपला चांद्र नव्हे, सौर. म्हणजे जून महिन्याचा मध्य. ढोल, नगारे व करनाल वाजत असतात, आणि नवस फेडावयास आलेली माणसे नाणी, चांदी, अंगावरचे सोनेसुद्धा पाण्यात सोडतात. पांडवांचे धनही तळाशी आहे, तो तळ पाताळास मिळालेला आहे, आणि एक नाग त्याची राखण करतो, अशी श्रद्धा आहे. वाहिलेले द्रव्य मात्र कोणी बाहेर काढीत नाही.

एका शेतकरी स्त्रीने हातातील चांदीचे कडे उतरून पाण्यात टाकिले. तिच्या अंगावर दुसरा दागिना नव्हता. आमचा पुतण्या अर्थशास्त्राचा पदवीधर, तो म्हणाला, "काका, एवढ्या धनातून ह्या डोंगरात केवढा दवाखाना उभा राहील!" प्रश्न गैर नव्हता, खाली गावांतून आजाऱ्यास न्यावयाचे कष्ट आम्ही पाहिले होते. शेजारी बसलेल्या एका वृद्धाने ते ऐकले व शांतपणे उत्तर दिले, "गुरुजी, दवाखाना सरकारने बांधावा. हे आम्ही पावसासाठी दिले आहे. दिलेले परत घेतले, तर पुढे मागावयास कोणत्या तोंडाने यावे?"

पुतण्या गप्प बसला. आम्हांस त्याचेही म्हणणे पटले होते आणि वृद्धाचेही; परंतु ज्याची मका व बटाटे केवळ पावसावर पिकतात, त्याचा हा करार मोडण्याचा अधिकार आम्हां पाहुण्यांस नाही, एवढे कळले.

मंडीच्या शिवरात्रीच्या मेळ्यासही हा देव येतो. त्यास इतर देवांप्रमाणे रथ नाही. तो मिरवणुकीत न मिसळता तारणा टेकडीवरील देवळात उतरतो. भोवतालच्या देवांत त्याचा मान केवढा, हे त्यावरून समजावे.

जाणाऱ्यांनी उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे जवळ ठेवावेत. हिवाळ्यात बर्फाने वाट बुजते. काठावर उभे राहून तळाचे सोने मोजण्याचा मोह मात्र आवरावा. तेथील माणसे ते मोजीत नाहीत.