मागच्या रांगेतले सर

वऱ्हाडात भजनाला बसलेल्या माणसांचे दोन प्रकार. एक पुढचा, खंजिरीवाला. पद तो सांगतो, चाल तो धरतो, पंचक्रोशीत नाव त्याचं होतं. बाकीचे झीलकरी. त्यांनी ओळ झेलायची आणि सगळ्यांनी मिळून परत म्हणायची. त्यांची नावं कोणी विचारत नाही. आमचे सर जन्मभर झीलकरीच राहिले.

सर मूळचे अमरावती जिल्ह्यातले, मोझरीजवळच्या खेड्यातले. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि पुढं गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं निघाली. सरांचे वडील अशाच एका मंडळात होते. त्यांच्या मागं जाऊन दहा वर्षांचं पोरगं शेवटच्या रांगेत बसलं, ते तिथंच बसलं. पुढं शिकले, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मातीचे प्रोफेसर झाले. पण संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, डोक्यावरची भगवी टोपी आणि ती रांग काही सुटली नाही.

मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, अन् वावराला दिलं तर वावर बिघडतं. मला वाटे, आपल्या नशिबातच खारं आहे. सरांनी एका तासाला स्वच्छ पाण्याचे दोन ग्लास मांडले. एकात चांगल्या रानातलं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात मी गावाहून आणलेलं. पहिलं फुटून तळाशी बसलं, पाणी निवळ राहिलं. माझ्या ढेकळाभोवती मात्र धुरासारखं गढूळ पसरत गेलं.

सर वर्गातही अडलं की वऱ्हाडीत शिरत. म्हणाले, "सोडियम वाढला का मातीचे कण एकमेकांले धरत नाहीत. एकटे पडतात. मंग पाणी खाली मुरत नाही. याच्यात नशिबाचं काय हाय? याले उपाय हाय." मग जिप्सम किती, शेणखत किती, चर कुठं काढायचे, हे त्यांनी फळ्यावर लिहून दिलं.

त्यांनीच मला मंडळात नेलं. माझा आवाज खडा होता आणि तो सगळ्यांना ऐकू जावा अशी हौसही होती. दोन-तीन गुरुवार त्यांनी ऐकून घेतलं. मग घरी परतताना, सायकल हातात धरून चालता चालता म्हणाले, "लेका, तुया आवाज तुलेच आयकू येऊन रायला असन, त समज का शेजारच्याचा आयकू येत नाही." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढं एका नापिकीच्या साली पऱ्हाटी जागच्या जागी वाळली आणि माझा चुलतभाऊ फवाऱ्याचं औषध प्याला. त्या घरी जाऊन काय बोलावं हे कोणालाच सुचत नव्हतं. लोक येत, ओट्यावर बसत, तंबाखू मळत, निघून जात. सहाव्या दिवशी सर अकोल्याहून आठ जणांना घेऊन एसटीनं आले. कर्ज किती, कोणाचं, एक अक्षर विचारलं नाही. सतरंजी टाकली, प्रार्थना केली, दोन भजनं म्हटली. सर नेहमीसारखे मागं. ओट्यावरची माणसं एकेक करून आत येऊन बसली. तिसऱ्या भजनाला झील घराबाहेर ऐकू जाईल एवढी झाली होती. मोठमाय सहा दिवस भिंतीकडे तोंड करून होती. ती उठली, "च्या ठेवतो," म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्या घरात सहा दिवसांनी चूल पेटली.

निवृत्तीनंतर सरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आम्हाला वाटलं, आता येणार नाहीत. पण त्या गुरुवारी ते वेळेच्या आधी येऊन आपल्या जागेवर बसले, हातात टाळ. त्यांचे ओठ प्रत्येक ओळीला हलत. नवी पोरं त्यांच्या शेजारी बसवली जात, कारण टाळाचा ठोका त्यांचा कधी चुकला नाही.

शेवटच्या वर्षी मी त्यांना तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजला नेलं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले. पुण्यतिथीला दरवर्षी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तिथं मौन श्रद्धांजली होते. लाखांचा जमाव आणि पोराचं रडणंदेखील दूरवर ऐकू यावं अशी शांतता. मौन सुटल्यावर सरांनी खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. ऑपरेशनपासून ते असंच बोलत. लिहून माझ्यापुढं धरलं:

"आज मी सगळ्यांच्या बरोबरीनं म्हटलं."

त्यांची टाळजोडी आता मंडळाकडे आहे. मागच्या रांगेत जो नवा येतो, त्याच्या हाती आम्ही ती देतो. कोणाची आहे, हे त्यानं विचारलं तरच सांगतो.