पाणी वळले आहे

आपल्या घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल, आणि त्यांची स्मृती हळूहळू विरळ होत चालली असेल, तर तेच वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकण्याचा अनुभव आपल्याला निश्चित असेल. “गॅस बंद केलास का?” “आज वार कोणता?” पहिल्या दोन वेळा आपण उत्तर देतो, तिसऱ्या वेळी हुंकार देतो, आणि पुढे केवळ मान हलवतो. ही सवय नकळत लागते. ती मला किती महागात पडली असती, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आमचे मूळ गाव मुरबे. पलीकडच्या तीरावर सातपाटी आणि मध्ये खाडी. बाबांचे सारे आयुष्य त्या पाण्यावर गेले. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना बोईसरला माझ्याकडे आणले. त्याच सुमारास विस्मरण जाणवू लागले. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले. मधुमेह आधीपासूनच होता. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले बाबा पाहिले की मला अपराधी वाटे. सकाळी काय खाल्ले हे त्यांना आठवत नसे. माझ्या मुलाला ते कधी माझ्या भावाच्या नावाने हाक मारत, तर कधी नुसतेच पाहत राहत.

गेल्या वर्षी या मुलाने कयाक विकत घेतली. कयाक म्हणजे एका माणसाने बसून दोन्ही बाजूंना वल्हवायची प्लास्टिकची अरुंद, हलकी होडी. त्याला खाडीत जिताडा पकडण्याचा छंद लागला होता. दोन-तीन रविवार तो रिकाम्या हाताने परतला, आणि एका संध्याकाळी त्याने सहज विचारले, “आजोबा, जिताडा बसतो कुठे?”

बाबांनी खुर्ची फिरवली. “आज तिथी काय?” त्यांनी विचारले. मुलाने मोबाईलमध्ये पाहून सांगितले, “षष्ठी.” “म्हणजे भरती साडेचारला. सहाची पाऊणपट.” 

हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या सुमारास. मग सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. गावागावांत थोडा फरक पडतो, पण अदमास चुकत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद. सकाळची पेज विसरणाऱ्या माणसाने हे सारे एका दमात सांगितले.

नंतर डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी समजावले की या आजारात नव्या आठवणी आधी निसटतात. तरुणपणी हाडीमाशी खिळलेले ज्ञान आणि हातांची कौशल्ये बराच काळ टिकून राहू शकतात. जे टिकले आहे त्याचा रोज उपयोग होऊ द्या, असा त्यांचा सल्ला होता. आम्ही एक वही आणली. रोज संध्याकाळी मुलगा प्रश्न विचारी, बाबा सांगत, आणि तो लिहून घेई.

त्या वहीत काय आहे, हे थोडक्यात सांगते. जिताडा हा दबा धरून बसणारा मासा. तो भक्ष्याच्या मागे फार धावत नाही; जोराच्या पाण्याला लागून जिथे शांत पाणी असते, तिथे आडोशाला थांबतो आणि वाहत येणारी कोलंबी किंवा बोय गट्ट करतो. म्हणून जागा शोधायची ती पाण्याच्या ओढीवरून. ओहोटी लागली की तिवरांमधले छोटे वहाळ मुख्य खाडीत रिकामे होतात. त्यांच्या मुखाशी पहिली जागा. खाडी जिथे वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाणी खोल असते, ती दुसरी. पाण्यात बुडालेले खडक आणि पुलाचे खांब यांची पाठ, ही तिसरी. खाजणाच्या बांधाला जिथे उघाडी असते आणि आतले पाणी बाहेर पडते, ती चौथी. भरती चढत असताना तिवरांच्या मुळांशी गळ टाकावा. बोय उड्या मारू लागले, किंवा वहाळाच्या तोंडाशी बगळे रांगेने उभे दिसले, तर तिथे खाद्य आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट बाबांनी सांगितली आणि मुलाने पुस्तकात पडताळून पाहिली: लहान जिताडे बहुधा नर असतात आणि मोठे झाल्यावर त्यांचे मादीत रूपांतर होते. पावसाळ्यात ते खाडीच्या मुखाशी अंडी घालतात. “लहान सोडायचा, तो वाढला पाहिजे. आणि फार थोराड मादीही सोडायची,” बाबा म्हणत. त्यामागचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण नियम ठाऊक होता.

पाणी निवडण्याचा प्रश्नही होता. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने नवापूर-दांडीकडच्या खाड्यांचे आणि किनाऱ्याचे जे झाले, त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. जिथे पाण्याला रसायनाचा वास येतो, फेस किंवा रंग दिसतो, मासे मरून तरंगतात, तिथला मासा कितीही ताजा दिसला तरी घरी आणू नये, आणि आजारी माणसाच्या ताटात तर मुळीच वाढू नये.

महिनाभरात मुलाने सव्वातीन किलोचा जिताडा आणला. बाबा स्वतः ओट्याशी उभे राहिले आणि तुकड्या कशा पाडायच्या ते मला सांगू लागले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. रात्री एकदाही उठले नाहीत. मग मलाच वाटू लागले की बाबांना एकदा तरी पाण्यावर न्यावे.

कयाकमध्ये त्यांना बसवणे शक्यच नव्हते. ती सहज कलंडते आणि तिच्यात पाय लांब करून बसावे लागते. गावातल्या चुलतभावाची रुंद बुडाची होडी घेतली. बाबांना आणि मला जीवरक्षक जॅकेट घातले. मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी होती. भरती पावणेदहाला झालेली, ओहोटी चारला पूर्ण होणार. बाराच्या सुमारास निघालो. भाऊ होडी हाकत होता, मुलगा कयाक घेऊन पुढे. बाबांनी बोट दाखवावे आणि आम्ही तिकडे वळावे. त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांनी तसा पाहिला.

एका वहाळात शिरलो. मुलाला लागोपाठ दोन ओढ बसल्या, पण मासा सुटला. सर्वांना हुरूप आला. तेवढ्यात बाबा म्हणाले, “बाय, पाणी वळलं. निघा.”

“हो बाबा, निघू या,” मी म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा, “पाणी वळलं आहे. निघा.” मी मान हलवली. तिसऱ्यांदा ते म्हणाले तेव्हा मी उत्तरही दिले नाही. मुलगा म्हणत होता, “अजून दहाच मिनिटे.” चुलतभावाने एकदा मागे वळून पाहिले, पण मीच त्याला हाताने थांबवले. मला वाटले, हे त्यांचे नेहमीचेच.

अडीच वाजता होडीचे बूड गाळात टेकले. वहाळाच्या मुखाशी चिखलाचा उंचवटा उघडा पडला होता. आतल्या बाजूचे पाणी उतरते आहे, हे पाण्याच्या कडेवरून बाबांनी पाहिले होते आणि आम्ही तिघांनी पाहिले नव्हते. ढकलायला उतरावे तर पाय मांडीपर्यंत रुतत. पाणी परत यायला तीन तास होते.

साडेतीनच्या सुमारास बाबा अचानक गप्प झाले. कपाळावर घाम, हात थरथरणारे, बोलणे अडखळलेले. सकाळी त्यांनी साखरेची गोळी घेतली होती आणि निघण्याच्या घाईत जेमतेम अर्धी वाटी पेज. साखर तपासण्याचे यंत्र घरी राहिले होते. नशिबाने थर्मासमध्ये चहा होता आणि भावाच्या डब्यात गूळ. बाबा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून भरपूर गूळ विरघळवून तो चहा त्यांना घोट घोट पाजला. पंधरा मिनिटांनी थरथर कमी झाली, मग बिस्किटे दिली. भावाने आपला सदरा वल्ह्यावर ताणून सावली केली. मुलगा कयाकवर पोटावर पडून, ती गाळावरून ढकलत मुख्य पाण्यापर्यंत गेला आणि धक्क्यावरून पाणी, छत्री, केळी आणि शेजाऱ्याचे साखर तपासण्याचे यंत्र घेऊन आला. साडेपाचला होडी तरंगली. सूर्य मावळता मावळता आम्ही धक्क्याला लागलो.

आपल्याला कळावे म्हणून माझ्या चुका मी सांगते. साखरेची गोळी घेणाऱ्या व्यक्तीला बाहेर नेताना नीट जेवण झाल्याशिवाय निघू नये. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर, आणि तपासणीचे यंत्र खिशातच हवे. साखर उतरल्यासारखी वाटली तर गोड द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात पाण्याचे प्रमाण लवकर घटते. किती प्यावे हे आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी उघड्या जखमेला खाडीचे पाणी लागू देऊ नये. काटा टोचला तर लगेच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे, आणि सूज किंवा ताप आल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. किती वाजता परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवावे. समुद्रावरच्या संकटात तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक पाठ असावा.

हे सारे सामान एका पिशवीत मावते. उरलेली चूक पिशवीत मावणारी नाही. बाबांचे बोलणे मी आजाराचे लक्षण म्हणून मोजत होते, ऐकत नव्हते. त्या दिवशी ते एकच वाक्य तीनदा बोलले, कारण ते तीनही वेळा खरे होते. आता ते काही पुन्हा म्हणाले की मी थांबते आणि एकदा तरी नजर टाकते: गॅस खरोखर चालू आहे का? दहापैकी आठ वेळा नसतो. पण पाहायला लागतो तो अर्धा मिनिट. रोजची दमणूक मला ठाऊक आहे, म्हणून कोणाला दोष देत नाही. फार थकवा आला तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या मोफत क्रमांकावर बोलता येते, हेही सांगून ठेवते.

त्यानंतर बाबा पाण्यावर गेलेले नाहीत. महिन्यातून दोनदा आम्ही त्यांना मुरब्याच्या धक्क्यावर नेतो, पोटभर जेवूनच. ते खुर्चीवर बसतात, मुलगा कयाक घेऊन निघतो, आणि परतीची वेळ आजोबा ठरवतात. त्यांनी हात वर केला की तो निमूट वळतो.

वहीत आतापर्यंत अकरा जागा नोंदल्या आहेत. अकरावी सांगताना बाबांनी मुलाला जवळ बोलावले आणि आवाज खाली आणून बजावले, “ही कोणाला सांगायची नाही.” गेल्या आठवड्यात त्यांनी त्याला विचारले, “तू कोणाचा रे?” त्याने सांगितले. मग त्यांनी विचारले, “ती जागा कोणाला सांगितली नाहीस ना?” त्याने नाही म्हटले. मीही इथे ती लिहिलेली नाही.