व्हिडिओतला मिस्त्री आणि आपल्या विहिरीतलं पाणी

पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या शेतात सोलर पंप आहे आणि घरात मोबाईलवर पटाईत पोरगं आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आपला जालना जिल्हा सोलर पंपांच्या बाबतीत राज्यात पुढे आहे. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेने २०२५ च्या सुरुवातीला राज्यात एक लाख पंपांचा टप्पा गाठला, तेव्हा जिल्ह्यांच्या यादीत जालना पहिला होता. पंधरा हजारांच्या वर पंप एकट्या आपल्याकडे बसले होते. रात्री-बेरात्री लाईनची वाट बघत शेतात जाणाऱ्या माणसाला दिवसा पाणी मिळालं, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मान्यच केली पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. पंप बसला, फोटो निघाले. तो बंद पडल्यावर शेतकरी कुणाकडे बघतो? तर मोबाईलकडे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. घनसावंगी तालुक्यातलं गाव, दोन एकर मोसंबी, नाव लिहीत नाही. आंबिया बहाराची फळं झाडावर होती आणि ऐन एप्रिलात पंप बंद पडायला लागला. सकाळी चालायचा, अकरा-साडेअकराला आपोआप थांबायचा. कंट्रोलरच्या स्क्रीनवर एक कोड यायचा. कंपनीच्या माणसाला फोन केला तर "उद्या येतो". असे सहा उद्या गेले.

घरातला चोवीस वर्षांचा मुलगा हुशार. त्याने तो कोड मोबाईलवर टाकला. हिंदीतला एक व्हिडिओ सापडला, लाखावर लोकांनी बघितलेला. त्यातल्या माणसाने सांगितलं, हा कोड म्हणजे सेन्सर खराब. सेन्सरच्या दोन वायरी काढा, तिथे तुकडा जोडा, पंप चालू. पोराने सील तोडून कंट्रोलर उघडला, तसंच केलं. पंप खरंच चालू झाला. घरात आनंद झाला. दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी मोटार जळाली.

झालं काय होतं? त्या कंपनीच्या कंट्रोलरमध्ये त्या कोडचा अर्थ 'विहिरीत पाणी संपलं' असा होता. व्हिडिओतला कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा, आकडा तोच पण अर्थ वेगळा. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेलेली. रात्रभर झऱ्याने पाणी साठायचं, सकाळी तीन-चार तासांत उपसून व्हायचं. पंप कोरडा चालू नये म्हणून यंत्र स्वतःहून थांबत होतं. म्हणजे बिघाड नव्हताच. पाण्यातली मोटार पाण्यानेच थंड राहते. ते राखणारं कुलूप पोराने काढलं आणि मोटार कोरडी फिरून जळाली.

त्याचे वडील मला म्हणाले, "भाऊ, मी म्हणत होतो हिरीला पाणी कमी झालंय. पण मोबाईलपुढं माझं कोण ऐकायलंय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण दुरुस्तीचं अर्धं ज्ञान त्या म्हाताऱ्याकडे होतं. विहीर किती उपसली, झरा कुठून येतो, हे जगातल्या कुठल्याही व्हिडिओला माहीत नव्हतं. व्हिडिओवाल्याने ते यंत्र बघितलंच नाही, आवाज ऐकला नाही, मीटर लावलं नाही. चांगला मिस्त्री आला की आधी खोलत नाही, आधी विचारतो. "कधीपासून? किती वेळ चालतो? पाणी किती आहे?" व्हिडिओ आपल्याला काहीच विचारत नाही.

पैशाचं नुकसान वेगळंच. या योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. पण सील तुटलेलं दिसलं आणि कंपनीने हात वर केले. सहा दिवस माणूस आला नाही, त्याचा जाब कुणी विचारला नाही; सील तुटलं, त्याचा जाब लगेच विचारला. डिझेल इंजिन भाड्याने आणून त्यांनी बाग जगवली.

तरी मी म्हणतो, ते पोरगं थोडक्यात वाचलं. कारण सोलरची वीज घरच्या विजेसारखी नाही, हे आपल्याकडे कुणी नीट सांगतच नाही. घरात २३० व्होल्ट असतात आणि मेन स्विच खाली केला की लाईन गेली. सोलरला वर कुठे डीपी नाही. ऊन आहे तोवर पॅनल वीज बनवतच राहणार. एक पॅनल ४० व्होल्टच्या आसपास देतं, पण तशी नऊ-दहा पॅनल एकामागे एक जोडली की ४०० व्होल्टपर्यंत जातं. खालचा स्विच बंद केला तरी पॅनलपासून स्विचपर्यंतची वायर जिवंतच असते.

शिवाय ही वीज डीसी. घरातली एसी लाईन सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी बहुतेक वेळा लगेच विझते. डीसीला असा शून्य नाही. चालू पंपावर पॅनलचं कनेक्टर ओढलं तर ठिणगी तुटत नाही, जाळ लांबत जातो, हात भाजतो. कंट्रोलर बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं वीज साठून राहते. व्हिडिओत ही पाच मिनिटं कुणी दाखवत नाही. थांबलेला माणूस कोण बघणार? ती कापून टाकतात.

डीपीचंही तेच. फ्यूज कसा टाकायचा हे मोबाईलवर दिसतं. पण वायरमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो, लाईन खरंच बंद आहे का ते तपासतो, हे दिसत नाही. कामातला जीव वाचवणारा भाग तोच, आणि तोच गायब. विजेच्या धक्क्याने शेतकरी गेल्याची बातमी मी वीस वर्षांत इतक्या वेळा लिहिली आहे की तिचं पहिलं वाक्य आता पाठ झालंय. ते पुन्हा लिहायची इच्छा नाही.

मी व्हिडिओच्या विरोधात नाही. ठिबकचा फिल्टर धुणं, फवारणी पंपाचं नोझल साफ करणं, कुकरची रिंग बदलणं, सोलर पॅनलवरची धूळ सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्याने पुसणं, हे खुशाल बघून करा. चुकलं तर फार तर तासभर वाया जाईल. पण जिथे चुकीची किंमत हात, जीव किंवा पाच वर्षांची हमी आहे, तिथे स्क्रू खोलू नका. पंप वारंवार थांबत असेल तर आधी विहिरीत डोकावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आता दुसरी बाजू. "भाऊ, हे सगळं बरोबर, पण माणूसच येत नाही तर आम्ही काय बाग वाळू द्यायची?" हा प्रश्न मला गावोगाव विचारतात आणि तो खरा आहे. लोक हौसेने व्हिडिओ बघत नाहीत. यायला पाहिजे तो माणूस येत नाही, म्हणून बघतात. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. पंप हजारोंनी बसवता येतात, तर प्रत्येक तालुक्याला सोलरची दोन-चार जाणती माणसं आणि सुट्या भागांचं एक ठिकाण का ठेवता येत नाही? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन शिकलेली आपलीच पोरं कामासाठी पुण्याला, संभाजीनगरला जातात. त्यांना या कंट्रोलरचं प्रशिक्षण देऊन इथेच काम द्या. सील तोडल्यावर हमी रद्द होते, तर माणूस वेळेत न आल्यावर कंपनीला दंड झाला पाहिजे आणि तो जाहीर झाला पाहिजे.

आपण काय करायचं? फक्त एजंटला फोन करून थांबू नका. महावितरणच्या १८००-२३३-३४३५ किंवा १८००-२१२-३४३५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार द्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. कंट्रोलरच्या स्क्रीनचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही, नंबर असला की उत्तर द्यावं लागतं.

ज्यांच्या तक्रारीला आठवडा उलटला आणि कुणी आलं नाही, त्यांनी तालुका, तक्रारीची तारीख आणि तक्रार क्रमांक मला इनबॉक्समध्ये पाठवा. तालुकावार यादी करून ती मी महावितरणच्या जालना कार्यालयात नेणार आहे. काय उत्तर मिळतं तेही इथेच लिहीन.

तोवर झाकण बंद ठेवा.