खोक्याला वजन हवं

कार्टूनमधल्या अस्वलाच्या हातात कुणी खोकं दिलं, की मी आधी खोक्याची चौकशी करते. आत काय आहे, आणि ते किती जड आहे? लोखंडाची पेटी काय आणि कापसाची गादी काय, काढायला रेषा सारख्याच लागतात. कागदावर वजन दिसतं ते उचलणाऱ्याच्या अंगात. मुलांच्या मालिकांचे स्टोरीबोर्ड काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यात माल पोचवणाऱ्या प्राण्यांची गोष्ट आली की हात शिवशिवतात, आणि थोडी धास्तीही वाटते.

समजा, जाडजूड अस्वलाला धक्क्यावरची पेटी उचलून विमानात ठेवायची आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम, आणि टीव्हीच्या कामात बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकतं. म्हणजे एका सेकंदासाठी बारा चित्रं. नवखा चित्रकार पहिल्या चित्रात वाकलेलं अस्वल काढतो, शेवटच्या चित्रात उभं, आणि मधली जागा सारख्या अंतराने भरून टाकतो. पेटी तरंगत वर येते आणि कुणी हसत नाही. हसू दडलेलं असतं ते पेटी हलत नाही त्या चित्रांत. पंजे कडीत अडकतात, खांदे कानापर्यंत चढतात, पाठ ताणली जाते, आणि पेटी जिथल्या तिथे. मग अस्वल पाय फाकवून गुडघ्यांत बसतं, पेटीचा एकच कोपरा जमिनीवरून सुटतो. ती एकदाची उचलली गेली की पोट तिच्याखाली येतं, आणि पुढची पावलं सगळा तोल मागे टाकून पडतात. पुढच्याच प्रसंगात एखाद्या चिमुरडीने ती पेटी पायाने सरकवली, तर त्याचे दोनच अर्थ निघतात: आतला माल चोरीला गेलाय, किंवा आमचं लक्ष नव्हतं.

हे चित्रापुरतं झालं. गोष्टीतल्या खोक्यालाही असंच वजन लागतं, आणि ते आणणं जास्त अवघड. तसं पाहिलं तर माल पोचवण्याच्या धंद्याच्या गोष्टीला कथानक आयतंच मिळतं. एक पाठवणारा, एक वाट पाहणारा, ठरलेली वेळ, वाटेत अडचण, आणि सगळ्यांच्या नजरेसमोर एक बंद खोकं. पण ते आयतं असल्यामुळेच चार भागांत शिळं होतं. पार्सल निघालं, अडकलं, पोचलं. मुलं हे फार लवकर ओळखतात. पार्सल न पोचल्याने कुणाचं काय बिघडणार आहे, हे ठाऊक नसेल तर ती उठून पाणी प्यायला जातात.

या बाबतीत मी नेहमी ‘टेलस्पिन’कडे वळते. डिझ्नीची ही मालिका 1990 साली अमेरिकेत आली, तिचे पासष्ट भाग झाले. जिम मॅगन आणि मार्क झास्लोव्ह हे तिचे कर्ते. आपल्याकडे ती दूरदर्शनवर हिंदीत, रविवारी सकाळी लागायची, आणि माझ्या पिढीला त्यातलं बल्लू अस्वल मालवाहू विमानासकट पाठ झालं. त्याच दशकात दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ ही जपानी मालिका लागे, तिच्या हिंदी शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. म्हणजे एका मालिकेतला शेरखान जंगलात नानांच्या आवाजात धमकावत होता, आणि दुसरीतला सूट-टाय घालून उद्योगसमूह चालवत होता. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

बल्लूचा आजवरचा प्रवास बघण्यासारखा आहे. किपलिंगच्या 1894 सालच्या ‘जंगल बुक’मधला बल्लू म्हणजे पोरांना जंगलाचा कायदा घोकायला लावणारा म्हातारा मास्तर, वेळप्रसंगी चापट मारणारा. डिझ्नीच्या 1967 सालच्या चित्रपटाने त्या मास्तरांना खुशालचेंडू करून टाकलं: खा, प्या, पाठ खाजवा. मॅगन आणि झास्लोव्ह यांनी याच खुशालचेंडूला वैमानिक केलं. नुसतं एवढंच केलं असतं तर पोशाख तेवढा बदलला असता. त्यांनी त्याला थकबाकीदार केलं, हा खरा डाव.

मालिका सुरू होते ती या थकबाकीपासून. बल्लूची स्वतःची विमानसेवा आहे, पण बँकेचे हप्ते चुकलेत. रिबेका कनिंगहॅम नावाची एक अस्वलीण पैसे भरते, आणि धंदा तिचा होतो, बल्लूच्या लाडक्या ‘सी डक’ विमानासकट. पदरी लहान मुलगी, धंद्याचं रीतसर शिक्षण, आणि विमानातलं ओ की ठो कळत नाही. आता बल्लू स्वतःच्याच विमानावर पगारी नोकर, कारण ते परत विकत घ्यायचं तर पैसे साठवायला हवेत. कसलीच चिंता न करणाऱ्या प्राण्याला महिन्याचा हिशेब दिला की पुढचे विनोद शोधत बसावं लागत नाही. त्याची एक डुलकी म्हणजे कुणाचा तरी उशिरा पोचलेला माल, आणि उशिरा पोचलेला माल म्हणजे विमान आणखी लांब गेलं.

मुलांच्या विनोदी मालिकांत हिशेब ठेवणाऱ्या पात्राला खाष्ट करून टाकायची खोड फार जुनी आहे. रिबेका तशी नाही. तिच्या नव्या नव्या योजना पुष्कळदा फसतात, पण पैसे संपलेत हे तिचं म्हणणं खरं असतं. बल्लू कामचुकार आहे, पण वादळात विमान कसं उतरवायचं हे त्यालाच कळतं. भांडणात दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर असलं की संवाद आपोआप आखूड होतात. मी अशी भांडणं कागदावर करून बघते. पार्सल पोचवणारा रेडा आणि गल्ल्यावर बसलेली मुंगसीण, अशी माझी एक जोडी आहे:

“बाई, उद्या सकाळी पोचवतो.”
“पावतीवर आजची तारीख आहे.”
“बाहेर पाऊस बघा किती आहे!”
“म्हणूनच त्यांनी छत्र्या मागवल्यात.”

इथे रेड्याने तोंड वेडंवाकडं करायची गरज नाही. त्याने खिडकीबाहेर पाहायचं, मग खोक्याकडे, आणि थोडा वेळ काहीच करायचं नाही. तो थोडा वेळ किती फ्रेमचा, यावर माझी आणि संकलकाची खडाजंगी होते.

‘टेलस्पिन’चा एक भाग मी कामाच्या ठिकाणी आवर्जून दाखवते. त्यात विमान चालवणारे यंत्रमानव येतात. ते थकत नाहीत, डुलक्या घेत नाहीत, पगार मागत नाहीत, आणि शेरखान आपल्या वैमानिकांच्या जागी त्यांनाच बसवतो. यंत्र ठरलेल्या मार्गावरून तसूभर ढळत नाही, हाच त्याचा गुण, आणि हवाई चाचे आडवे आले की हाच त्याचा घात. आळशी बल्लू तिथे कामाचा ठरतो तो वाट वाकडी करता येते म्हणून. नोकरी जाण्याची भीती बावीस मिनिटांच्या विनोदात मावली, कारण ती भीती अस्वलाची होती. माणसं काढली असती तर तो बातमीपट झाला असता. प्राण्यांचा मला होणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच: कर्ज, नोकरी, एकट्या आईची ओढाताण, हे घरात मुलांसमोर दबक्या आवाजात बोललं जाणारं सगळं पडद्यावर मोठ्याने बोलता येतं.

आणि बंद खोक्याचं काय? या मालिकेच्या शेवटच्या भागात बल्लूच्या हाती पडलेल्या भेटवस्तूच्या खोक्यात बाँब असतो, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. हा भाग पुढे पुन्हा दाखवायला वाहिन्या कचरल्या, यात नवल नाही. पण एवढा जड माल एका विनोदी मालिकेने पेलला, तो आधीच्या चौसष्ट भागांत वेळेवर माल पोचवणं ही त्या अस्वलाची गरज आहे हे पटवून दिल्यामुळे.

हल्ली मालिकेचा प्रस्ताव येतो तो गोड रंगीत प्राण्यांच्या चित्रांसह, आणि खाली लिहिलेलं असतं: यातून मुलं सहकार्य शिकतील. शिकू देत. मी मात्र त्यांचं दरपत्रक मागते. किलोला किती घेता? गावाबाहेरचं भाडं वेगळं का? वाटेत मडकं फुटलं तर भरपाई कुणी द्यायची? निर्माते बुचकळ्यात पडतात, पण लेखक असेल तर लगेच कामाला लागतो. फुटक्या मडक्याचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे हे एकदा ठरलं, की मडकं कसं फोडायचं ते आम्हाला बरोबर सुचतं.