नीरेचे मडके

डोंबिवलीहून कोपर, तिथे वरच्या फलाटावरून दिवा-वसई गाडी, पुढे डहाणू लोकल. पालघरकडे ताड-शिंदीची झाडे दिसू लागली की घरात प्रश्न निघतोच: नीरा आपल्याला चालते का?

आम्ही आधी भांडे विचारतो. झाडाला रात्री बांधलेले मडके आतून चुन्याने सारवलेले हवे. चुन्यामुळे रस आंबत नाही. उजाडण्याआधी उतरवून, गाळून तो बर्फात ठेवलेल्या स्टीलच्या कॅनमध्ये जावा. कालचेच मडके न धुता लावले तर ऊन चढेपर्यंत नीरेची ताडी होते, आणि ताडी हराम.

अब्दुल कैसच्या शिष्टमंडळाला पैगंबरांनी (स.) भोपळ्याची, डांबर लावलेली भांडी मना केली होती, त्यांत पेय लवकर आंबे. पुढे भांड्यांची मुभा मिळाली, नशेची नाही.

फेसाळलेली, आंबूस वासाची बाटली समोर आली, की आम्ही मुलांना शहाळे घेऊन देतो.