तेच काम पुन्हा पुन्हा कशाला?

रात्रीचे साडेबारा वाजले होते. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील त्या घरात फक्त एकाच खोलीत दिवा जळत होता. सूनबाई संगणकासमोर बसल्या होत्या. एका मराठी मंडळाच्या बालस्पर्धांची 212 प्रमाणपत्रे सकाळी छपाईला द्यायची होती. एक नाव टाइप करायचे, मधोमध आणायचे, फाइल जतन करायची; मग दुसरे नाव. आतापर्यंत 61 झाली होती. ‘आई, झालं का?’ असे विचारून विचारून सात वर्षांची लेक केव्हाच झोपी गेली होती.

पाणी प्यायला उठलेले सासरे दारातच थांबले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते सांगलीहून आले होते. येऊन तीन आठवडे झाले, पण सुनेबरोबर निवांत बसून एक कप चहासुद्धा झाला नव्हता.

‘‘अगं, मजकूर सगळीकडे तोच आहे ना? मग नुसतं नाव बदलायला इतका वेळ का लागावा?’’

‘‘बाबा, कॉम्प्युटरचं काम वेगळं असतं,’’ ती जरा त्रासूनच म्हणाली.

सासरे गप्प झाले. त्यांनी सांगलीच्या एका छापखान्यात 28 वर्षे खिळे जुळवले होते. नव्वदच्या दशकात तिथे संगणक आला, खिळ्यांचे खण भंगारात गेले आणि पाठोपाठ त्यांची नोकरीही. तेव्हापासून या यंत्राजवळ ते कधी फिरकले नव्हते. त्या रात्री मात्र खुर्ची ओढून ते सुनेशेजारी बसले.

‘‘आमच्याकडे पावत्या, पत्रिका नेहमीच्याच असायच्या. त्यांचा जुळवलेला मजकूर आम्ही मोडत नसू. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायचो. नवं काम आलं की नाव-तारखेचे खिळे तेवढे बदलायचे. तुझ्या यंत्रात अशी सोय नाही?’’

सोय होती! आठ वर्षे ‘इनडिझाइन’ वापरूनही तिने तो मेनू कधी उघडला नव्हता. ‘डेटा मर्ज’ हे त्या सोयीचे नाव. नावांची यादी एक्सेलमध्ये करायची, ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन करायची आणि प्रमाणपत्राच्या एकाच नमुन्यात नावाची, क्रमांकाची जागा दाखवून द्यायची. बाकीची पाने सॉफ्टवेअर स्वतःच तयार करते. शिकण्यात पाऊण तास गेला. पाने मात्र पाहता पाहता तयार झाली.

ती उठणार, तोच सासऱ्यांनी पडद्यावर बोट ठेवले. ‘‘थांब. ‘द्वितीय’ची वेलांटी चुकलीय. जोडाक्षरही सुटलंय.’’

खिळे उलटे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर ती! शोधल्यावर कारण सापडले. मजकूर इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी असलेल्या रचनेत बसवला जात होता. परिच्छेदाच्या पॅनेलमधील मेनूतून ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडताच वेलांटी जागेवर आली. आजवर असे शब्द ती जुन्या फॉन्टमध्ये एकेक अक्षर जुळवून दुरुस्त करत असे.

दडलेल्या सोयी

पुढचे काही दिवस तिने रोज अर्धा तास फक्त शोधण्यासाठी ठेवला. ‘फोटोशॉप’मध्ये 1996 पासून ‘अ‍ॅक्शन्स’ आहेत. एका छायाचित्रावर केलेल्या क्रिया त्यात नोंदवून ठेवल्या की ‘बॅच’च्या आज्ञेने त्याच क्रिया संपूर्ण फोल्डरवर होतात. ‘इलस्ट्रेटर’मध्ये रंग ‘ग्लोबल’ म्हणून जतन केला, तर ग्राहकाने निळ्याचा हिरवा मागितल्यावर एकाच ठिकाणी बदल पुरतो. तिथेच कंट्रोल आणि डी दाबले की शेवटचे सरकवणे किंवा फिरवणे पुन्हा होते. आपल्याकडे पत्रिका-फलकांसाठी घरोघरी माहीत असलेल्या ‘कोरलड्रॉ’मध्ये नुसते पी दाबले की निवडलेली वस्तू पानाच्या मधोमध येते.

या सोयी काही गुप्त नाहीत. पण बहुतेक जण सुरुवातीच्या काही महिन्यांत गरजेपुरते शिकतात आणि पुढे कामाच्या घाईत त्याच वाटेने चालत राहतात. स्वयंपाकघरातही असेच होते. मिक्सरबरोबर आलेली भांडी वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहतात आणि आपण खोबरे हातानेच खवतो.

मात्र एक सावधगिरी हवी. तीन-चारच प्रती असतील, तर हातानेच काम लवकर होते. शिवाय यंत्राने केलेली एक चूक 212 ठिकाणी जाते. म्हणून पहिले पान, शेवटचे पान आणि सर्वांत लांब नाव असलेले पान डोळ्यांखालून घालायलाच हवे. ते काम आता सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतले होते.

त्या आठवड्यात सिल्क बोर्डच्या वाहतुकीतून सुटून मुलगा घरी पोहोचला, तेव्हा दाराला कुलूप होते. आजोबा, नात आणि सूनबाई तिघेही आगरा तलावाकाठी फिरायला गेली होती. संगणकाजवळच्या भिंतीवर सुनेच्या अक्षरात एक चिठ्ठी लावलेली होती : ‘तेच काम तिसऱ्यांदा करतेस? थांब. आधी सोय शोध.’

खाली थरथरत्या, पण घोटीव अक्षरात सासऱ्यांची भर होती : ‘आणि प्रूफ मला दाखव.’