हवापालट

पूर्वी खोकला हटेना की डॉक्टर हवापालट करायला सांगत आणि ऐपतदार मंडळी पाचगणीला जात. आमची ऐपत अजूनही वाईच्या पुढे घाट चढत नसल्यामुळे आम्ही घरातल्या घरातच हवापालट करायचं ठरवलं.

त्याचं असं झालं. गेल्या पावसाळ्यात आम्ही घराला रंग दिला आणि प्लायवुडचं भिंतभर कपाट करून घेतलं. कपाट असं झालं की येणारा-जाणारा "कितीला पडलं?" हे विचारल्याशिवाय चहाला हात लावीना. फक्त त्या दिवसापासून आमच्या हिचा खोकला बळावला. मुळात प्रकृती दम्याची. रात्री दोनला ती भिंतीला टेकून बसायची आणि मी शेजारी बसून "पाणी देऊ का?" असं विचारायचो. छत्तीस वर्षांच्या संसारात याहून निरुपयोगी प्रश्न मी दुसरा विचारलेला नाही.

सूनबाईंनी निदान केलं. "बाबा, प्लायवुडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. हवा शुद्ध करणारी झाडं आणू या. नासानं सांगितलंय!"

चंद्रावर माणूस उतरवणाऱ्यांनी सांगितल्यावर नारायण पेठेतल्या निवृत्त हेडक्लार्कची काय बिशाद? रविवारी आम्ही सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत दाखल झालो. आरेका पाम, पीस लिली, स्पायडर प्लांट आणि तलवारीसारख्या उभ्या पानांचं एक झाड, अशी खरेदी झाली. मनीप्लांट मात्र विकत घ्यायचं नसतं, चोरून आणलं तरच पैसा येतो, असं शास्त्र असल्यामुळे त्याची फांदी मी एका नातेवाइकांच्या जिन्यातून आणली. पैसा अजून यायचाय.

तलवारीच्या झाडाचं नाव सूनबाईंनी घरी सांगितलं नव्हतं. ते मीच सांगून बसलो. "याला सासूची जीभ म्हणतात." हिनं झाडाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि खोकल्याच्या दोन उबळींमध्ये एवढंच म्हणाली, "का? घरात एक होती ना!"

झाडं आली आणि माझ्या निवृत्तीला अर्थ आला. रोज सकाळी स्नान, देवपूजा आणि पाचही झाडांना तांब्या-तांब्याभर पाणी. पंधरा दिवसांत सासूची जीभ बुडाशी मऊ पडली आणि कुंडीला वास येऊ लागला. हवा शुद्ध करणाऱ्या झाडाच्या वासानं हॉलमध्ये बसवेना! या झाडाला माती पार कोरडी झाल्यावरच, पंधरवड्यातून एकदा पाणी पुरतं, हे मला नंतर कळलं. उलट पीस लिलीला पाणी जरा चुकलं की ती माना टाकते. घरात कोणी गेल्यासारखी मी धावपळ केली. पाणी मिळताच संध्याकाळपर्यंत बाईसाहेब ताठ! मनीप्लांटच्या बाटलीत डासांच्या अळ्या वळवळू लागल्या, म्हणून आठवड्याला पाणी बदलायचं ठरलं. त्याचं पान चघळलं तर तोंडाची आग होते, म्हणून नातवापासून बाटली उंचावर गेली. पानांवर धूळ साचली की झाडाला उजेड मिळत नाही, म्हणून ओल्या फडक्यानं पानं पुसणं आलं. मी कपाटसुद्धा कधी पुसलं नव्हतं.

एवढं करून खोकला तसाच. तेव्हा हेडक्लार्कनं मूळ फाइल मागवली. नासाचं काम खरं. 1989 साली वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं झाडं हवाबंद पेटीत ठेवून आत फॉर्मल्डिहाइड, बेन्झीन वगैरे सोडलं आणि चोवीस तासांत ते किती घटतं ते मोजलं. घटलं. पण पेटी हवाबंद होती. अवकाशयानाला खिडकी उघडता येत नाही, म्हणून तो खटाटोप. पुढे 2019 साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी असे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. साध्या घरात हवा आत-बाहेर खेळून जेवढी स्वच्छ होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायला चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील! आमचा हॉल अकरा चौरस मीटरचा. म्हणजे कमीत कमी 110 झाडं, जास्तीत जास्त 11,000. सोफा काढला तरी बसत नव्हती.

डॉक्टरांनी तर हिशोबही केला नाही. "डासांची कॉइल बंद, उदबत्ती बंद आणि खिडकी उघडी," एवढंच म्हणाले.

इथेच घोडं पेंड खात होतं. रस्त्याकडची खिडकी उघडली की रिक्षांचा धूर. मागची खिडकी मी दोन वर्षांपूर्वी तत्त्वासाठी बंद केली होती. तिच्यासमोर चार हातांवर शेजारच्या इमारतीतल्या अण्णांची खिडकी. वीस वर्षं आम्ही तिथूनच पेपरची अदलाबदल केली. मग दोन्ही इमारतींमधल्या भिंतीच्या खर्चावरून आमचं वाजलं. ते मला "कारकुंडा" म्हणाले, मी त्यांना काय म्हणालो ते छापण्यासारखं नाही. खिडकी बंद. डॉक्टरांसाठी ती उघडणं म्हणजे माघार. पण कुजून उरलेल्या जिभेचं एकच पान नव्या मातीत खोचलं होतं, त्याला उजेड हवा होता. झाडासाठी उघडली तर कोण काय म्हणणार?

उघडली. समोर अण्णा, जणू दोन वर्षं तिथंच उभे असल्यासारखे. बराच वेळ ते कुंडीकडे पाहत राहिले.

"पाणी फार घालताय," ते म्हणाले.

"घालत होतो," मी म्हणालो.

जरा थांबून त्यांनी विचारलं, "वहिनींचा खोकला कसा आहे? रात्री दोनच्या सुमाराला ऐकू येतो. विचारणार कसं? खिडकी बंद."

मला उत्तर सुचलं नाही. मी आत वळून उगाचच हिला विचारलं, "पाणी देऊ का?"

आता खिडकी दिवसभर उघडी असते. प्लायवुडचा वास गेला, कॉइल गेली, ही बऱ्याच रात्री सलग झोपते. श्रेय कोणाचं, याबद्दल घरात मतभेद आहेत. सूनबाई झाडांचं म्हणतात, ही डॉक्टरांचं, अण्णा स्वतःचं. पानाला परवा बाजूनं नवा कोंब आलाय. सासूच्या जिभेनं घरं मोडल्याचं ऐकलं होतं. आमच्याकडे तिनं पेपरची अदलाबदल पुन्हा सुरू करून दिली.